फॉर्म बिघडला की आधी फॉर्मला हात लावू नका

डेटाबेसमधला रिपोर्ट उघडावा, बेरजेच्या जागी '#एरर' दिसावं, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाने म्हणावं, "काल तर बरोबर येत होतं!" अशा वेळी नवशिक्याचा हात पहिल्यांदा जातो तो त्या चौकोनाकडे, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या टेक्स्ट बॉक्सकडे. चौकोन पुसायचा, पुन्हा काढायचा, तरी तेच आलं तर विझार्डने सगळा रिपोर्ट नव्याने बनवायचा. माझी सुरुवातीची दोन वर्षं अशीच गेली. आणि त्यातल्या बहुतेक वेळा रिपोर्टमध्ये बिघडलेलं काहीच नसायचं.

फॉर्म (नोंदी भरायचा-बघायचा पडदा) किंवा रिपोर्ट (छापायचा तक्ता) यांच्याकडे स्वतःचा डेटा नसतो. तो टेबलाकडून नाहीतर क्वेरीकडून, म्हणजे टेबलांमधून हव्या तेवढ्या ओळी काढणाऱ्या प्रश्नाकडून, मागून आणलेला असतो. मागताना नाव चुकलं, मागितलेलं मिळालंच नाही, किंवा मिळायच्या आधीच हिशेब करायला घेतला, की पडद्यावर काहीतरी भलतंच उमटतं. म्हणून चूक जिथे दिसते तिथून एक पायरी मागे जाऊन शोधायचं.

पुढचं सगळं मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. लिबरऑफिस बेस वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं आहे. मेनू, प्रॉपर्टी आणि फंक्शनची नावं तुमच्या पडद्यावर रोमन लिपीत असतील. इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाईप करताना तेवढं सांभाळा. उदाहरणासाठी एका संस्थेची सभासद-वर्गणीची फाईल घेऊ: एका टेबलात सभासद, दुसऱ्यात त्यांनी भरलेल्या रकमा.

आधी प्रत, मग दुरुस्ती

फाईल सगळीकडे बंद करा. उघडी असताना तिच्या शेजारी त्याच नावाची 'एलएसीसीडीबी' एक्स्टेन्शनची एक छोटी फाईल तयार होते. ती नाहीशी झाली म्हणजे कोणी आत नाही. मग पूर्ण फाईलची प्रत काढून नावात तारीख घाला. यावर जास्त काही सांगत नाही. एकदा चटका बसला की प्रत्येक जण आपोआप करतो.

मग क्वेरी एकटी चालवून पाहा

फॉर्म किंवा रिपोर्ट डिझाईन व्ह्यूमध्ये उघडा. वरच्या डाव्या कोपऱ्यात, दोन मोजपट्ट्या जिथे भेटतात, तिथे एक छोटा चौरस असतो. त्यावर डबल क्लिक केलं की प्रॉपर्टी शीट उघडते आणि पूर्ण फॉर्म निवडला जातो. 'डेटा' टॅबवर सगळ्यात वर 'रेकॉर्ड सोर्स' आहे. त्यात टेबलाचं नाव असेल, क्वेरीचं असेल, किंवा 'सिलेक्ट'ने सुरू होणारं लांबलचक वाक्य. उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करून ती क्वेरी उघडा आणि नुसती चालवा.

आता नीट बघा. ओळी बरोबर आल्या, तर क्वेरी ठीक आहे आणि दोष पुढे आहे. एकही ओळ आली नाही, तर फॉर्म रिकामा दिसणारच. क्वेरीनेच काही विचारलं किंवा एरर दिली, तर फॉर्म विसरा, आधी क्वेरी दुरुस्त करा. या एका चाचणीत निम्मी प्रकरणं मिटतात. ही चाचणी न करता मला फोन करणाऱ्यांना मी हीच करायला सांगतो आणि फोन ठेवतो.

'एंटर पॅरामीटर व्हॅल्यू' ही खिडकी

ही खिडकी आली की लोक 'ओके' दाबून पुढे जातात. जाऊ नका. खिडकीत रिकाम्या जागेच्या वर जे नाव लिहिलेलं असतं, तेच उत्तर आहे. अ‍ॅक्सेस म्हणतंय: हे नाव मला कुठेही सापडलं नाही, तूच सांग याची किंमत काय. फील्डचं (टेबलातल्या रकान्याचं) नाव 'वर्गणी' असेल आणि खिडकीत 'वर्गणि' दिसत असेल, तर चूक तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

हे चुकलेलं नाव लपतं कुठे, ते शोधायला मात्र वेळ जातो. क्वेरीच्या निकषात बघा. क्वेरी स्वच्छ असेल तर प्रॉपर्टी शीटमधल्या 'फिल्टर' आणि 'ऑर्डर बाय' या दोन रकान्यांत बघा. कोणीतरी कधी उजवं क्लिक करून सॉर्ट केलेलं असतं, फॉर्म तसाच सेव्ह झालेला असतो, आणि पुढे ते फील्डच काढून टाकलेलं असतं. रिपोर्ट असेल तर 'ग्रुप, सॉर्ट अँड टोटल' पट्टी उघडा. फील्डचं नाव बदलल्यावर इथलं जुनं नाव बदलायचं हमखास राहून जातं. कंडिशनल फॉरमॅटिंगचे नियम आणि कॉम्बो बॉक्सचा (यादीतून निवडायच्या चौकोनाचा) 'रो सोर्स' या आणखी दोन अडगळीच्या जागा.

एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कंट्रोल सोर्समधलं (चौकोनात काय दाखवायचं ते जिथे लिहितात, त्या प्रॉपर्टीतलं) नाव चुकलं तर फॉर्म गपचूप '#नेम?' दाखवतो, पण रिपोर्ट तीच चूक खिडकी काढून विचारतो. दोष एक, लक्षणं दोन.

खिडकीत 'फॉर्म्स!शोध!पासून' असं काही दिसलं तर स्पेलिंग बहुधा बरोबरच असतं. ती क्वेरी 'शोध' नावाच्या फॉर्मवरून तारीख उचलते आणि तो फॉर्म या क्षणी बंद आहे, एवढंच. फॉर्म उघडा, तारीख भरा, तो उघडाच ठेवून रिपोर्ट चालवा.

एवढं करूनही सापडत नसेल तर माझा आडदांड उपाय. रिपोर्टची प्रत काढा, निम्मे चौकोन पुसून टाका, चालवा. खिडकी आली तर दोष उरलेल्या निम्म्यात, नाही आली तर पुसलेल्यात. पुन्हा निम्मे करा. साठ चौकोनांचा रिपोर्ट सहा फेऱ्यांत संपतो.

'#नेम?' आणि एकाच नावाचे दोघे

कंट्रोल सोर्समध्ये हिशेब लिहायचा असेल तर सुरुवातीला बरोबरचं चिन्ह लागतं. '[रक्कम]-[सूट]' असं नुसतं लिहिलं की अ‍ॅक्सेस त्याला हिशेब न मानता फील्डचं नाव समजतं. '=[रक्कम]-[सूट]' लिहा. हे झालं सोपं.

नव्या माणसाला खरा घोळात घेणारा प्रकार असा. तुम्ही फील्ड लिस्टमधून 'रक्कम' ओढून फॉर्मवर टाकता. चौकोन तयार होतो आणि अ‍ॅक्सेस त्या चौकोनालाही 'रक्कम' हेच नाव देतं. आता फील्ड एक रक्कम आणि चौकोन दुसरी रक्कम. तोवर सगळं सुरळीत. मग तुम्हाला वाटतं, सूट वजा करून दाखवावी, आणि त्याच चौकोनाच्या कंट्रोल सोर्समध्ये तुम्ही '=[रक्कम]-[सूट]' लिहिता. चौकोन विचारतो, रक्कम म्हणजे कोण? म्हणजे मीच. स्वतःची किंमत काढायला त्याला स्वतःचीच किंमत लागते आणि पडद्यावर कधी '#नेम?' तर कधी '#एरर' येतं. सूत्र कितीही वेळा तपासा, त्यात चूक सापडणार नाही, कारण ती सूत्रात नाहीच. प्रॉपर्टी शीटच्या 'अदर' टॅबवर जाऊन चौकोनाचं नाव बदला, 'टेक्स्टनिव्वळ' किंवा काहीही. झालं.

यावरून एक सवय लावून घ्या: हिशेबाचा प्रत्येक चौकोन बनवला की आधी त्याचं नाव बदलायचं, मग सूत्र लिहायचं.

याच घराण्यातला आणखी एक इरसाल प्रकार. टेबलात फील्डचं नाव इंग्रजीत 'नेम' ठेवलं आणि रिपोर्टवर सूत्रात ते वापरलं, तर सभासदाच्या नावाऐवजी चक्क रिपोर्टचं नाव छापून येऊ शकतं. प्रत्येक फॉर्म-रिपोर्टला स्वतःची 'नेम' ही प्रॉपर्टी असते ना, म्हणून. 'डेट' नावाच्या फील्डचंही तसंच, त्या नावाचं फंक्शन आधीच बसलेलं आहे. 'सभासदनाव', 'भरणातारीख' अशी नावं ठेवली तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

आणि एकाच कॉम्प्युटरवर 'डेट' किंवा 'लेफ्ट' यांसारखी साधी फंक्शन्सही चालेनाशी झाली, बाकी सगळीकडे ठीक असेल, तर सूत्रं तपासत बसू नका. ऑल्ट आणि एफ११ दाबून कोडची खिडकी उघडा, 'टूल्स' मेनूत 'रेफरन्सेस' बघा. एखाद्या ओळीपुढे 'मिसिंग' लिहिलेलं असेल. ती लायब्ररी त्या मशीनवर नाही. गरज नसेल तर खूण काढा, असेल तर बसवून घ्या.

'#एरर': हिशेबाची वेळ चुकली

समजा सभासदाची वर्गणी ५०० आहे आणि सूट हा रकाना रिकामा आहे. शून्य नाही, रिकामा. ५०० वजा रिकामं म्हणजे ५०० नव्हे, उत्तरही रिकामंच येतं. एरर येत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. रिपोर्टमध्ये काही ओळींची बाकी कोरी दिसते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. उपाय म्हणजे 'एनझेड' फंक्शन: '=[रक्कम]-एनझेड([सूट],0)'. रिकामं असेल तर शून्य धर, असा त्याचा अर्थ.

आता बेरीज. 'सम' फंक्शनला फील्ड समजतं, चौकोन समजत नाही. ओळीत 'एकूण' नावाच्या चौकोनात '=[नग]*[दर]' असेल आणि खाली तुम्ही '=सम([एकूण])' लिहिलं, तर रिपोर्ट 'एकूण म्हणजे काय' अशी खिडकी काढतो आणि फॉर्म '#एरर' दाखवतो. खाली पूर्ण हिशेब पुन्हा लिहायचा: '=सम([नग]*[दर])'. किंवा हा गुणाकार क्वेरीतच करून त्याला नाव द्यायचं, मग रिपोर्टसाठी ते फील्डच होतं. मला दुसरा मार्ग आवडतो. हिशेब एकाच जागी राहतो आणि उद्या बदलला तर चार रिपोर्टांत शोधावा लागत नाही.

जागाही महत्त्वाची. हीच बेरीज 'पेज फूटर'मध्ये टाकली तर '#एरर' येणार, सूत्र कितीही बरोबर असलं तरी. बेरीज-सरासरीची फंक्शन्स पानाच्या डोक्यात किंवा पायथ्यात चालत नाहीत. त्यांची जागा ग्रुप फूटर किंवा रिपोर्ट फूटर. पुष्कळ जण 'पानाच्या खाली एकूण हवी' म्हणून पेज फूटरमध्ये टाकतात आणि अडकतात.

तिसरी गोष्ट, रिकामा रिपोर्ट. ज्या महिन्यात एकही भरणा नाही त्या महिन्याचा रिपोर्ट काढला की बेरजेत '#एरर' दिसतं. बेरीज करायला ओळच नाही. रिपोर्टला 'हॅजडेटा' नावाची प्रॉपर्टी आहे, तिचा आधार घ्या: '=आयआयएफ([हॅजडेटा],सम([रक्कम]),0)'. सबरिपोर्टची (रिपोर्टच्या आत बसवलेल्या रिपोर्टची) बेरीज मुख्य रिपोर्टवर आणतानाही हेच वापरायचं, फक्त सबरिपोर्टचा पत्ता पुढे जोडून.

त्याहून बरं म्हणजे रिकामा रिपोर्ट उघडूच न देणं. 'ऑन नो डेटा' या इव्हेंटमध्ये एक निरोप दाखवा आणि 'कॅन्सल'ला 'ट्रू' करा. मग मात्र ज्या बटणावरून रिपोर्ट उघडला, तिथे २५०१ क्रमांकाची एरर येईल. घाबरू नका, रिपोर्ट उघडण्याचं काम रद्द झालं एवढंच ती सांगते. बटणाच्या कोडमध्ये २५०१ आला तर गप्प बस, असं लिहून टाका. तेवढा क्रमांक सोडून बाकी एरर मात्र दिसू द्या. 'कुठलीही एरर आली तरी पुढे जा' असं कोड लिहिणाऱ्याच्या फाईली मी दुरुस्त करायला घेत नाही. घेतल्याच तर आधी ती ओळ काढतो.

एका चौकोनातली चूक कधीकधी त्याच फॉर्मवरच्या इतर हिशेबांनाही लागते आणि पाच-सहा ठिकाणी '#एरर' दिसतं. सगळे बिघडलेत असं समजून सहाही दुरुस्त करायला निघू नका. एकेक चौकोन रिकामा करत जा. ज्याला रिकामा केल्यावर बाकीचे सुधारतात, तो दोषी.

राहिलेल्या खुणा झटपट: '####' म्हणजे चौकोन अरुंद आहे, रुंद करा. '#डिव्ह/०!' म्हणजे शून्याने भागलंय. '#डिलीटेड' म्हणजे तुम्ही बघत असतानाच दुसऱ्या कोणीतरी ती नोंद पुसली. फॉर्म बंद करून उघडा. जोडलेल्या सर्व्हरवरच्या टेबलात सगळ्याच ओळी तशा दिसल्या तर त्या टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखू देणारं फील्ड) तपासा.

फॉर्म पांढराफटक

शीर्षक दिसतं, बटणं दिसतात, पण मधला भाग पूर्ण कोरा. एकही चौकोन नाही. बघणाऱ्याला वाटतं फॉर्मच उडाला. एकदा रात्री अकराला मला अशी फाईल आली, सोबत 'सगळं डिलीट झालं' असा निरोप. काहीच डिलीट झालेलं नव्हतं.

अ‍ॅक्सेसचा नियम असा: दाखवायला नोंद नाही आणि नवीन नोंद घालायचीही परवानगी नाही, तर मधला भाग दाखवायचाच नाही. म्हणजे दोन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. क्वेरीतून शून्य ओळी आल्या आहेत, आणि 'अलाऊ अ‍ॅडिशन्स' हे 'नो' आहे किंवा क्वेरीच अशी आहे की तिच्यात भर घालता येत नाही. त्या रात्रीच्या फाईलमध्ये एक जुना फिल्टर फॉर्मबरोबर सेव्ह झालेला होता. तो पुसला आणि सगळे सभासद परत आले.

उलटा प्रकारही असतो: फॉर्म उघडतो, पण जुन्या नोंदी दिसत नाहीत, फक्त नवी कोरी नोंद. 'डेटा एंट्री' प्रॉपर्टी 'येस' झालेली आहे. तिच्या नावावरून वाटतं की 'येस' केल्याशिवाय भरता येणार नाही, म्हणून लोक करतात. तिचा खरा अर्थ 'फक्त नवीन नोंदी'. 'नो' करा.

सबफॉर्ममध्ये (फॉर्मच्या आत बसवलेल्या फॉर्ममध्ये) भलत्याच सभासदाच्या रकमा दिसत असतील, किंवा सगळ्यांच्या सगळ्या दिसत असतील, तर 'लिंक मास्टर फील्ड्स' आणि 'लिंक चाईल्ड फील्ड्स' बघा. आणि सबफॉर्ममधल्या चौकोनाचा पत्ता लिहिताना आतल्या फॉर्मचं नाव चालत नाही, त्याला धरून ठेवणाऱ्या चौकटीचं नाव लागतं: 'फॉर्म्स!सभासद!भरणाचौकट.फॉर्म!रक्कम'. दोन्हींची नावं सारखी असली तर हे कधी कळतच नाही, आणि वेगळी झाली की दिवस जातो.

टाईप होत नाही, किंवा सेव्ह होत नाही

खाली स्टेटस बारमध्ये 'धिस रेकॉर्डसेट इज नॉट अपडेटेबल' असं येतं आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. पुन्हा तीच चाचणी: क्वेरी एकटी उघडा आणि तिच्यात थेट एखादी किंमत बदलून पाहा. तिथेही बदलत नसेल तर दोष क्वेरीचा. 'ग्रुप बाय' असलेली, 'युनिक व्हॅल्यूज' मागणारी, युनियन किंवा क्रॉसटॅब अशी क्वेरी कधीच बदलता येत नाही, कारण तिची एक ओळ म्हणजे टेबलातली नेमकी कुठली नोंद, हे सांगताच येत नाही. दोन टेबलं जोडलेली असतील तर 'एक' बाजूच्या टेबलाला (एका सभासदाच्या अनेक रकमा, म्हणून इथे सभासदांच्या टेबलाला) प्रायमरी की आहे का ते बघा. माझा सल्ला असा की भरण्याचा फॉर्म शक्यतो एकाच टेबलावर बसवा आणि दुसऱ्या टेबलातली नावं कॉम्बो बॉक्समधून आणा.

क्वेरीत बदल होतो पण फॉर्ममध्ये नाही? मग 'अलाऊ एडिट्स', त्या चौकोनाचं 'लॉक्ड', आणि 'रेकॉर्डसेट टाईप' कुठे 'स्नॅपशॉट' तर नाही ना, हे तपासा. आणि कुठल्याच टेबलात काहीच बदलत नसेल, तर फाईल रीड-ओन्ली आहे किंवा त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी तुम्हाला नाही.

सेव्ह करताना येणाऱ्या एरर मात्र फॉर्मच्या नसतात, टेबलाच्या असतात. ३०२२ म्हणजे तीच की दुसऱ्यांदा येतेय. ३३१४ म्हणजे अनिवार्य फील्ड रिकामं आहे. ३२०१ म्हणजे ज्या सभासदाची नोंद करताय तो सभासदांच्या टेबलात नाहीच. हे टेबलाने घातलेले नियम आहेत आणि बहुधा टेबलाचंच बरोबर असतं.

कॉम्बोमधून नाव निवडल्यावर 'ही किंमत या फील्डला चालत नाही' अशा अर्थाचा निरोप आला, तर 'बाउंड कॉलम' बघा. टेबलाला क्रमांक हवाय आणि कॉम्बो नाव पाठवतोय. बाउंड कॉलम क्रमांकाचा ठेवा आणि 'कॉलम विड्थ्स'मध्ये त्या रकान्याची रुंदी शून्य करा. दिसेल नाव, साठेल क्रमांक.

बाराव्या तारखेपर्यंत चूक, तेराव्यापासून बरोबर

फॉर्मवर तारीख भरून त्या दिवसाचा रिपोर्ट काढणारं बटण सगळ्यांनाच हवं असतं. कोडमध्ये तारीख दोन हॅश चिन्हांच्या मध्ये ठेवून निकष बनवतात. विंडोजमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशी दिसते, म्हणून ती तशीच चिकटते. पण अशा निकषातली तारीख अ‍ॅक्सेस महिना-दिवस या अमेरिकी क्रमाने वाचतं. तुम्ही ०५/०४/२०२५ म्हणजे ५ एप्रिल मागता, अ‍ॅक्सेस ४ मे देतं. एरर नाही, नुसता चुकीचा रिपोर्ट.

आणि १३/०४/२०२५? तेरावा महिना नसतो, म्हणून अ‍ॅक्सेस मुकाट्याने १३ एप्रिल धरतं आणि उत्तर बरोबर येतं. म्हणजे तुम्ही चाचणी महिन्याच्या २० तारखेला केलीत तर सगळं व्यवस्थित, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तक्रारी सुरू. 'कधी येतं, कधी येत नाही' अशी तारखेच्या रिपोर्टची तक्रार आली की मी आधी विचारतो, कितव्या तारखेचा काढला होता? उपाय म्हणजे निकषात तारीख नेहमी 'फॉरमॅट' फंक्शनने वर्ष-महिना-दिवस अशी घालायची, २०२५-०४-०५. त्यात गोंधळाला जागा नाही. आणि चाचणी बारा तारखेच्या आतल्या दिवसाने करायची. दिवस आणि महिना सारखा नको, ०४/०४ दोन्हीकडून तेच वाचलं जातं.

नुकतीच भरलेली पावती कोरी छापली जाते

नोंद भरली, 'पावती छापा' दाबलं, पावती कोरी. पुन्हा दाबलं तरी कोरी. फॉर्म बंद करून उघडला की नीट येते. डावीकडच्या उभ्या पट्टीत पेन्सिलचं चित्र दिसतंय का बघा. पेन्सिल म्हणजे नोंद अजून सेव्ह झालेली नाही, ती फक्त तुमच्या फॉर्मवर आहे. रिपोर्ट डेटा मागतो टेबलाकडे आणि टेबलाला तिची खबरच नाही. बटणाच्या कोडमध्ये रिपोर्ट उघडायच्या आधीची ओळ: 'इफ मी.डर्टी देन मी.डर्टी = फॉल्स'. नाव विचित्र आहे, पण अर्थ 'आधी सेव्ह कर' एवढाच.

छपाईच्या तक्रारी

एक पान छापलेलं, एक कोरं, पुन्हा एक छापलेलं. हे गणित आहे. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. दोन्ही समास अडीच-अडीच असतील तर रिपोर्टला १६ उरतात. तुमच्या रिपोर्टची 'विड्थ' १६.२ झाली की ते दोन मिलिमीटर वेगळ्या पानावर जातात, त्यात काही नसलं तरी. रुंदी तुम्ही वाढवलेली नसते; एखादी आडवी रेघ जरा उजवीकडे ओढताना ती गुपचूप वाढते. रेघ आत घ्या, मग रुंदी कमी करा. उलट क्रमाने केलंत तर अ‍ॅक्सेस कमी करू देणार नाही. डिझाईनमध्ये कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत असेल तर तो बऱ्याचदा याचीच सूचना देत असतो.

क्वेरीत लावलेला क्रम रिपोर्ट मानत नाही. क्रम 'ग्रुप, सॉर्ट अँड टोटल'मध्येच लावा. आणि सेक्शनच्या 'ऑन फॉरमॅट' इव्हेंटमधला कोड चालत नाही अशी तक्रार असेल, तर तुम्ही 'रिपोर्ट व्ह्यू'मध्ये बघताय; तिथे तो इव्हेंट घडतच नाही. 'प्रिंट प्रीव्ह्यू'मध्ये बघा. मशीनवर एकही प्रिंटर बसवलेला नसेल तर प्रीव्ह्यूच अडखळतो. खरा प्रिंटर नसेल तर पीडीएफचा आभासी प्रिंटर तरी डिफॉल्ट ठेवा.

बटण दाबलं, काहीच झालं नाही

फाईल नव्या फोल्डरमध्ये हलवली असेल तर वर पिवळी पट्टी आली होती का आठवा. कोड बंद आहे. तुमच्याच फाईलवर विश्वास असेल तर ते फोल्डर 'ट्रस्टेड लोकेशन'मध्ये घाला. पट्टी नसेल, तर तुम्ही बटणाचं नाव बदललंय का? नाव बदललं तरी कोडमधलं प्रोसीजर जुन्याच नावाने पडून राहतं, बटणाला ते सापडत नाही. तिथेही बदला.

आणखी एक, देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी. कोडच्या खिडकीत मराठी निरोप टाईप केला की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. ती खिडकी युनिकोड जाणत नाही. टेबलं, फॉर्म, लेबलं जाणतात. मराठी निरोप एका टेबलात ठेवा आणि छोट्या फॉर्मवर दाखवा.

लिबरऑफिस बेसमध्ये

नियम तोच, कारणं थोडी वेगळी. टेबलाला प्रायमरी की नसेल तर बेस त्यात काहीच भरू देत नाही. फॉर्मवर 'नवी नोंद'चं बटण फिकट दिसलं की पहिला संशय हाच. अनेक टेबलं जोडलेल्या क्वेरीवरचा फॉर्म फक्त बघण्यापुरता समजा. रिपोर्ट उघडतच नसेल तर जावा बसवलंय का आणि ऑप्शन्समध्ये निवडलंय का ते तपासा. फाईलमध्येच डेटाबेस असेल तर नोंद भरल्यावर पूर्ण फाईलही सेव्ह करत जा.

काहीच लागू पडेना तेव्हा

क्वेरी ठीक, नावं ठीक, तरी एखादा फॉर्म उघडताच अ‍ॅक्सेस बंद पडतं. आता फाईल खराब झाल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. पहिल्याच मिनिटाला घ्यायचा नाही. प्रत आहेच. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा. फाईलचा आकारही बघा, अ‍ॅक्सेसची मर्यादा २ जीबी आहे आणि जवळ गेलं की विचित्र एरर येऊ लागतात. अनेक जण एकच फाईल नेटवर्कवरून उघडत असतील, त्यातही वायफायवरून, तर टेबलं एका फाईलमध्ये आणि फॉर्म-रिपोर्टांची वेगळी प्रत प्रत्येकाच्या मशीनवर, अशी विभागणी करा.

तेवढ्यानेही भागलं नाही तर नवी कोरी फाईल बनवून सगळं तिच्यात इम्पोर्ट करा. टेबलं आणि क्वेरी आधी, मग फॉर्म आणि रिपोर्ट थोडे थोडे. जो इम्पोर्ट होताना अडतो तोच खराब, तो जुन्या प्रतीतून घ्या. इम्पोर्टमध्ये रेफरन्सेस आणि फाईल सुरू होताना कुठला फॉर्म उघडायचा ही सेटिंग येत नाहीत. ती हाताने लावा आणि मग कोडच्या खिडकीत 'डीबग' मेनूतून 'कंपाईल' करा. काही तुटलेलं राहिलं असेल तर कंपाईल नेमकं त्या ओळीवर जाऊन थांबतं.